सात रिकाम्या वाट्या

एकदा एक तरुण दूरदेशीचं शिक्षण संपवून आपल्या खाडीकाठच्या गावी परतला आणि ज्या वृद्ध गुरुजींकडे त्याने पाटीवर मुळाक्षरं गिरवली होती, त्यांच्याच बालवाडीत शिकवू लागला. वर्गातली मुलं निरनिराळ्या घरांतली. लेया नावाची एक चिमुरडी बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या जुन्या यहुदी घराण्यातली होती. तरुणाचं मन भरून येई. एवढ्याशा गावात हिवाळ्याचे किती सण! ते सगळे मुलांना एकाच संध्याकाळी दाखवायचे, असं त्याने ठरवलं.

लेयाच्या घरी हनुक्काच्या, म्हणजे यहुद्यांच्या आठ रात्रींच्या सणाचा पितळी दिवा होता. ओळीत आठ वाट्या आणि त्या पेटवण्यासाठी वर एक नववी. आजोबा तो घराबाहेर काढू देत नसत. "पोरं हसतील गं," ते म्हणायचे. दोन दिवस हट्ट करून तिने तो आणला.

मेजावर वर्गातल्या इनासच्या घरचा नाताळचा गोठा होता, गवतावर बाळ येशू निजलेला. शेजारी बाजारातून आणलेल्या संक्रांतीच्या तिळगुळाचा डबा उघडून ठेवला होता. पालक जमले. दिवेलागणीला तरुणाने मोठ्या उत्साहाने आठही वाती पेटवल्या. मुलांनी टाळ्या पिटल्या. लेयाने पिटल्या नाहीत.

"सर, आज पहिलाच दिवस आहे."

"मग?"

"मग आज एकच लावायची असते. आता उद्याला काय उरलं?" ती दिव्यापाशी येऊन उभी राहिली. "मी दिवा घरी नेते. परत कधी आणणार नाही."

मागे बसलेले गुरुजी उठले. "लेयाताई, मी हात लावू का याला?"

तिने होकारार्थी मान हलवली. निरंजनावरही कधी फुंकर न घालणाऱ्या गुरुजींनी चिमटीने एकेक करून सात वाती शांत केल्या आणि काढून घेतल्या. मग गोठ्यातला बाळ येशू उचलून इनासच्या ओंजळीत दिला आणि तिळगुळाच्या डब्याला झाकण लावलं. खोली अंधारली.

"अहो, लागलेला दिवा कुणी मालवतं का!" एक आई पुटपुटली.

तरुण व्याकूळ झाला. "गुरुजी, मुलांना दाखवायला आता राहिलं काय?"

"बाळा, आठ दिवे कुठल्याही बाजारात मिळतील रे. आज एक आहे आणि उद्या दोन होणार, हे फक्त या पोरीच्या घरात मिळतं. इनासची आई नाताळच्या रात्रीपर्यंत गवत रिकामं ठेवते. हा रोज सकाळी उठून तिथे डोकावतो. आणि त्या पुढे बसलेल्या चंदरच्या घरी तर अजून तीळ निवडलेसुद्धा नाहीत. प्रत्येक घराची वाट पाहण्याची रीत वेगळी, आणि मुलांचा निम्मा सण त्यातच असतो. तू तो तासाभरात उरकून टाकलास."

तरुणाने मान खाली घातली. मग तो लेयासमोर गुडघ्यांवर बसला. "चुकलं माझं. उद्याची वात तू लावशील?"

लेयाने दिवा उचलला नाही.

"एकच दिवा?" चंदर तेवढ्यात म्हणालाच. "आमच्या तुळशीपाशी रोज असतो एक!"

"उद्या दोन होतील. बघच तू," लेया फणकारली.

दुसऱ्या संध्याकाळी दोन झाले. तिसऱ्या संध्याकाळी चंदर सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. पाचव्या दिवसापासून मुलं बोलेनाशी झाली. लेया वात लावायची तेव्हा आपण श्वास रोखतो, हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

आठव्या संध्याकाळी दाराशी लेयाचे आजोबा येऊन उभे राहिले. ओळीतली शेवटची वाटी उजळली आणि सगळी भिंत सोनेरी झाली. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हसलं नाही. वीसेक इवले चेहरे त्या उजेडाकडे नुसते पाहत होते. आजोबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि आपल्या प्राचीन हिब्रू भाषेत प्रार्थना म्हटली. आजवर ती त्यांच्या चार भिंतींबाहेर कुणी ऐकली नव्हती.

चंदरने हळूच विचारलं, "उद्या नऊ?"

"नाही रे वेड्या, आमचं झालं," लेया म्हणाली. "उद्यापासून सगळ्यांनी इनासच्या गोठ्यात बघायचं."

तरुण मुलांच्या मागे जमिनीवर बसला होता. मेजावरचं रिकामं गवत त्या आठ ज्योतींच्या उजेडात लखलखत होतं, आणि आज प्रथमच त्याला ते रिकामं वाटलं नाही.

मुलांना दुसऱ्याचा सण दाखवायचा असेल, तर आधी त्यांना त्याच्या उंबऱ्याशी थोडं थांबू द्यावं.