परातींच्या ढाली

शिलावती नगरीवर रणंजय राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने एका तांबटाच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सोमिल. त्याने घडवलेली परात तीन पिढ्या टिके, आणि तिच्या आत तो त्या त्या घराची खूण ठिपक्यांनी कोरून देई: कुणाचा मोर, कुणाचे आंब्याचे पान, कुणाची कमळाची कळी. लग्नकार्यात भांडी कितीही मिसळोत, ज्याचे भांडे त्याच्याच घरी जाई.

रणंजय मुळात राजा नव्हताच. भात कांडणाऱ्या बाईचा हा मुलगा सैन्यात चढत चढत सेनापती झाला. नदीपलीकडच्या वेणुपुराशी वैर पेटले तेव्हा घाबरलेल्या प्रजेने एका वर्षापुरता मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला. वर्षे नऊ झाली, मुकुट काही उतरला नाही. न्यायसभा मोडली, मंत्री घरी बसले. विजय मिळेपर्यंत नगरात कुणी हसू नये, अशीही आज्ञा निघाली. हसू काय दाबून थोडेच राहते! लोक गोठ्यात जाऊन गाईच्या कानात हसून येत.

एके दिवशी दवंडी पिटली गेली. घराघरांतली तांब्यापितळेची भांडी आणा, त्यांच्या ढाली होतील. सोमिलच्या दारात परातींचा डोंगर झाला. शेजारची पदुमा आपली परात ठेवून तिथेच उभी राहिली.

"सोमिलदादा, माझ्या लेकाला, धनिकला सैन्यात नेलं, आता परातही नेली. मी रांधू कशात, आणि कुणासाठी?"

"पदुमाताई, दोन्ही परत आणीन," सोमिल बोलून गेला.

त्याने परात एकही वितळवली नाही. ठोकून खोल केली, खूण तशीच राखली, आतून चकचकीत कल्हई लावली आणि खुंटी काढताच सुटेल अशी मूठ बसवली. राजवाड्याच्या कोठीतून एक जुनी, पोचे पडलेली परात आली होती. तिची ढाल त्याने खुद्द राजासाठी घडवली.

राजा पाहणीला आला. "ढालीला आतून कल्हई कशाला रे?"

"महाराज, ढाल धरणाऱ्यालाही भूक लागते. हिच्यात शिजवता येईल."

राजाला कल्हईत स्वतःचा चेहरा दिसला आणि तो खूश झाला. "बरं. पण या खुणा खरवडून टाक. सगळं माझं आहे. एवढं केलंस तर तुला शस्त्रागाराचा प्रमुख करतो."

"खुणा ज्यांच्या त्यांच्या आहेत, महाराज. मी कशा पुसू?"

"मग विजयाच्या दिवशी तुझं डोकं वेशीवर टांगीन," राजा म्हणाला. मोहीम तोंडावर होती, म्हणून खुणा तशाच राहिल्या. ढाली दुरुस्त करायला सोमिललाही सैन्याबरोबर नेले.

सैन्य नदीकाठी पोचले आणि मग खरी गंमत झाली. तांदळाची पोती होती, नदीभर पाणी होते, आणि भात शिजवायला भांडे एकही नव्हते! तीन दिवस शिपायांनी भिजवलेले तांदूळ चावले. चौथ्या सकाळी चढाई ठरली. सोमिलने तीन दगड मांडले, धनिकच्या ढालीची खुणेवरची मूठ काढली आणि तिच्यात तांदूळ वैरायला गेला. धनिकने त्याचा हात धरला.

"थांबा काका! ही कळी... ही तर आईची परात!"

शेजारच्याला आपल्या काकूंचा मोर सापडला. बघता बघता काठावर हजार चुली पेटल्या. पलीकडचे सैनिक धूर पाहून आधी दचकले, मग वास पोचला.

"काय शिजतंय रे?" तिकडून हाक आली.

"भात!"

"मग डाळ आमची!" आणि होड्या निघाल्या.

राजा हत्तीवरून ओरडत आला. "उचला ढाली!"

"महाराज, भात अजून कच्चा आहे," त्याचाच सेनापती म्हणाला. एक जण फिस्सकन हसला. नऊ वर्षांचे साठलेले हसू मग कुणाला आवरेना. राजाने सोमिलचे डोके मागितले, पण सगळ्यांचे हात डाळभाताने माखले होते.

सोमिल हत्तीजवळ गेला. राजाचीच ढाल भरून त्याने वर केली. "आधी जेवून घ्या महाराज. डोकं कुठं पळून जात नाही."

उपाशी तर राजाही होता. तो खाली उतरून जेवू लागला. भात सरला तसे तळाशी ठिपक्यांचे मुसळ दिसले. त्याच्या आईची खूण! त्याने मुकुट काढून वाळूत ठेवला आणि लहान मुलासारखा रडला.

लोक त्याला मारायला धावले, तेव्हा सोमिल आडवा झाला. लोकांनी मुकुट सोमिललाच देऊ केला. "न्यायसभा पुन्हा भरवा," तो म्हणाला. "मला परातींची कामं पडलीत. भट्टीचा भाता ओढायला माणूस तेवढा हवाय. हा द्या."

नगरात परतल्यावर धनिकने आईच्या पुढ्यात परात ठेवली. पदुमाने लेकाला पोटाशी धरले, मग परात उलटसुलट पाहिली. "दादा, केवढी खोल केलीस रे! यात पीठ कसं मळू?"

"सपाट करून देतो, ताई," सोमिल हसत म्हणाला. मागे रणंजय घाम गाळत भाता ओढत होता, आणि तोही हसत होता.

एवढे सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तो रणंजय म्हणजे आजचा देवदत्त, धनिक म्हणजे आनंद, पदुमा म्हणजे महाप्रजापती गौतमी, आणि तांबट मी होतो. ज्याने आपले डोके मागितले, त्यालाही आधी पोटभर वाढावे. हिलाच मैत्री म्हणतात."