सोललेले घाटे

“महाराज, ससा घाटा सोलून खातो का हो?”

भैरवगीर महाराज मठाच्या ओसरीवर वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

पद्माकरने मूठ उघडली. तळहातावर हरभऱ्याची टरफलं होती, नीट दोन फाकांत उघडलेली. आत दाणा नव्हता.

हा पद्माकर शहरात नेमबाजी शिकवायचा. पदकांनी भिंत भरली तरी मन भरेना, म्हणून अनुग्रह घ्यायला माळावरच्या या मठात आला होता. मठाचा नियम म्हणून त्याने वर्षानुवर्षांची सुपारी एका दिवसात सोडली, आणि तेव्हापासून भेटेल त्याला तो हे ऐकवायचा.

महाराजांनी त्याला मंत्राऐवजी राखण दिली. मठाचा हरभरा ससे खातात अशी ओरड होती, आणि शिवरात्रीच्या भंडाऱ्याला हाच हरभरा शिजायचा होता. पद्माकरला हा पोरखेळ वाटला. त्याने शहरातून छऱ्याची बंदूक आणली, तिच्यावर अंधारात दिसणारी दुर्बीण चढवली आणि एका रात्रीत रान साफ करून दाखवतो म्हणाला.

महाराज एवढंच म्हणाले होते, “येईल त्याला मारू नको. खाईल त्याला मार. खाणारा सापडला की ये, अनुग्रह देतो.”

तिथंच घोडं पेंड खात होतं.

रानाच्या मधोमध घोंगडी टाकून, बंदूक तिवईवर टेकवून तो रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसे. ससे यायचे. काचेतल्या हिरव्या उजेडात त्यांचे डोळे चमकायचे. कान टवकारून ते बसायचे, बांधावरचं गवत खायचे आणि निघून जायचे. हरभऱ्याला तोंड लावणारा एकही नाही. सकाळी पाहावं तर झाडं ओरबाडलेली, आणि तीही बांधाकडची नव्हेत. बरोबर त्याच्या घोंगडीभोवतालची.

आता शिवरात्र तोंडावर आली होती. अनुग्रह हुकला तर कोणत्या तोंडाने घरी जायचं, हे त्याला कळेना. आपण डोळ्यांत तेल घालून बसावं आणि चोराने मांडीजवळ येऊन जेवून जावं, याची त्याला लाज वाटत होती. थोडी भीतीही वाटत होती.

“महाराज, मला काहीच समजेनासं झालंय. हा ससा आहे, का... दुसरंच काही?”

महाराजांनी हातातली वात पुरी केली.

“चल,” ते म्हणाले.

तिन्हीसांजेला दोघं रानात गेले. महाराज घोंगडीवर त्याच्या शेजारी टेकले. पद्माकरने बंदूक पुढे केली, तर त्यांनी दुर्बिणीला हातही लावला नाही. मला ह्या वयात काय दिसणार, तूच बघ आणि सांगत जा, म्हणाले.

पद्माकरने डोळा लावला. अंधार दाटत गेला. महाराज स्वस्थ बसून होते.

“आला, महाराज. बांधावर आहे.”

“हं.”

“बसलाय... कान हलवतोय.”

“खातोय?”

“नाही. नुसता बघतोय इकडं.”

“आणि आता?”

“आता गवताला लागलाय. हरभऱ्याकडं वळतोय असं वाटतं... थांबा... नाही. नाही वळला.”

“हं.”

“असंच रोज होतं, महाराज. मी पापणीसुद्धा हलवत नाही. तरी तो कुठून येतो आणि कधी खातो, मला...”

महाराजांनी अलगद त्याचं डावं मनगट धरलं.

पद्माकरने दुर्बिणीवरचा डोळा काढला. मनगट त्याच्या ओठांपाशी होतं. बोटांच्या चिमटीत सोललेला घाटा होता, आणि मांडीवर टरफलं पडली होती.

तोंडातला दाणा चावायचा तो विसरला.

महाराजांनी मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी बंदूक उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

“सापडला,” ते म्हणाले. “आता धर नेम.”