अजगराची कात

डोंगराळ मुलखातल्या एका राजाने अजगर पाळला होता. लाकूडतोड्यांना रानात सापडलेलं ते इवलंसं पिल्लू आता दोन माणसांएवढं लांब झालं होतं. त्याची निगा कोंडाबाई नावाची एक एकटी म्हातारी राखी. कुंडातलं पाणी बदलणं, थंडीत कोठीबाहेर शेगडी पेटवणं, पंधरा दिवसांनी एक कोंबडी देणं, सगळं तिच्याच हाती.

एकदा शेजारचा राजा पाहुणा यायचा होता. भर दरबारात अजगराला ससा गिळताना दाखवायचं, असं राजाने ठरवलं.

कोंडाबाईने कोठीत पाहिलं. अजगराचं अंग मळकट झालं होतं. डोळ्यांवर निळसर साय आली होती. ती तशीच राजाकडे गेली.

"महाराज, तो कात टाकायला आलाय. त्याला धड दिसत नाही. तो आता खायचा नाही, की कुणाचा हात सोसायचा नाही."

प्रधान म्हणाला, "त्यात काय! कात ओढून काढू. काठीने डिवचलं की खाईलही."

"कच्ची कात ओढली तर डोळे जातील त्याचे. मी दार उघडणार नाही."

राजा संतापला. "उद्या दार उघडलं नाहीस, तर राज्यातून चालती हो!"

कोंडाबाई कोठीकडे परतली. या वयात जायचं कुठे? तरी तिने कुंड भरलं, अंग घासायला एक खडबडीत दगड आत ठेवला आणि कुलूप लावून ती दारातच बसली.

दुसऱ्या दिवशी राजा पाहुण्यांना घेऊन आला. शिपायांच्या हातांत काठ्या होत्या. कोंडाबाई जागची हलली नाही.

"महाराज, आधी झरोक्यातून एकदा बघा. मग मला हाकला."

राजाने पाहिलं. अजगर कुंडात वेटोळं घालून निपचित पडला होता. झरोक्यावर सावली पडताच तो दचकून भलत्याच दिशेला फुत्कारला. राजा बराच वेळ पाहत राहिला.

"काठ्या टाका," तो म्हणाला. पाहुणे हसले. राजाने हसू दिलं.

सहाव्या दिवशी नाकापासून शेपटीपर्यंत अखंड कात उतरली. अजगर नव्या तांब्यासारखा चकाकत होता.

राजाने विचारलं, "मी खरंच हाकललं असतं तर?"

"गेले असते, महाराज. तुमचा राग आज ना उद्या उतरला असता. त्याचे गेलेले डोळे परत आले नसते."

तात्पर्य: मुका जीव पाळायचा, तर आपली हौस बाजूला ठेवून त्याच्या वेळेने चालावं, आणि त्याच्यासाठी कुणापुढे 'नाही' म्हणायची वेळ आली, तर ठामपणे म्हणावं.