वकिलाच्या विम्याची सातवी अट

“आणि मी तिला सांगितलंच नाही, तर?”

बापू मठाच्या ओसरीवर बसून तांदूळ निवडत होते. एक खडा सापडला. तो त्यांनी बाजूला ठेवला.

प्रश्न विचारणारा विश्राम उपळेकर वकील होता. बापू त्याचे गुरू. तेही एके काळचे वकील. बारा वर्षांपूर्वी त्यांनी काळा कोट उतरवला आणि कृष्णाकाठच्या या लहानशा मठात येऊन राहिले. त्यांच्या उलटतपासणीला साक्षीदारांना घाम फुटायचा म्हणे. आता मठाचा पुजारी त्यांना तांदूळ निवडायला बसवतो.

विश्रामची मान एरवी ताठ असे. मुदतीच्या कायद्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, असं सगळे म्हणत. म्हणजे तो स्वतः म्हणे, आणि बाकीचे माना डोलवत. आज मात्र त्याची मान वर होत नव्हती.

खाली घाटाच्या पायरीवर एक बाई बसली होती. अंजिराबाई, त्याची अशील. विधवा. तिचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, मागच्या खोलीत ती. घरमालकाच्या वारसांनी दावा जिंकला होता, आणि बुधवारी कोर्टाचा बेलीफ घराचा कबजा घ्यायला येणार होता. आता अपील हा एकच आधार होता.

ते अपील कोर्टाच्या कचेरीनं काल परत केलं होतं. अकरा दिवस उशीर.

बाईला यातलं काही माहीत नव्हतं. वकीलसाहेब मोठ्या वकिलांचा सल्ला घ्यायला आलेत, एवढंच तिला ठाऊक.

“नेमकं काय चुकलं?” बापूंनी विचारलं.

“नकलेचे दिवस...”

अपिलाची मुदत मोजताना निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस सोडून देतात. पण नक्कल तयार होईपर्यंतचेच. विश्रामनं सोडले ते नक्कल हातात घेईपर्यंतचे. मधले अकरा दिवस नक्कल तयार होऊन कोर्टातल्या टेबलावर पडून होती, आणि हे महाशय निवांत होते.

“हे मी तुला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं.”

“हो.”

“तू आता दुसऱ्यांना शिकवतोस.”

“हो, बापू...”

“उशीर माफ करण्यासाठी अर्ज दे. वकिलाची चूक झाली, असं लिही. पुष्कळदा कोर्ट ऐकतं.”

“तेवढंच लिहिता येत नाही.”

विश्रामनं पिशवीतून एक गुळगुळीत पुस्तिका काढली. वकिलाच्या चुकीबद्दल अशिलानं भरपाई मागितली, तर ती विमा कंपनी देईल, अशी ती पॉलिसी होती. तालुक्यात असा विमा फक्त त्याच्याकडे. बाररूममध्ये त्यानं तो कौतुकानं सगळ्यांना दाखवला होता. चहावाल्यालासुद्धा. अटी मात्र त्यानं काल प्रथम वाचल्या.

“सातवी अट,” तो म्हणाला. “कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय विमाधारकानं आपली चूक कबूल करू नये.”

“केली तर?”

“तर कंपनी हात वर करील. मग बाईनं भरपाई मागितली, तर माझं घर, माझं ऑफिस... बापू, मुलीचं शिक्षण चाललंय माझ्या.”

“परवानगी माग.”

“मागितली. उत्तराला महिना लागेल. एजंट म्हणाला, तोवर तोंडाला कुलूप.”

“आणि बेलीफ?”

“बुधवारी.”

बापूंनी आणखी एक खडा काढला.

“दुसरा कागद कुठाय?”

विश्राम दचकला. “कुठला?”

“रिकाम्या हातानं विचारायला येणारा माणूस नव्हेस तू.”

शेवटी त्यानं पिशवीतून एक शाईनं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र काढलं.

“वाच.”

“मी, अंजिराबाई, शपथेवर सांगते की... सदर अकरा दिवस मी टायफॉईडनं अंथरुणाला खिळून होते. त्यामुळे मला वकिलांची भेट घेता आली नाही...” तो थांबला. “डॉक्टरचा दाखला आहे सोबत. ओळखीतला आहे डॉक्टर.”

“त्या अकरा दिवसांत गिरणी बंद होती?”

“...नाही.”

“गल्लीनं पीठ खाल्लं म्हणजे.”

“हो.”

“उद्या विरुद्ध बाजूनं गल्लीतली एक बाई साक्षीला आणली, आणि ती म्हणाली, अंजिरानंच ज्वारी दळून दिली... तर खोट्या शपथेचा गुन्हा कोणावर?”

विश्राम कागदाची कड चोळू लागला.

“कागदावर अंगठा कुणाचा उठणार?”

“तिचा.”

हे शब्द तोंडातून गेले आणि गुन्हा कोणावर येईल, ते त्याच्या ध्यानात आलं. काल प्रतिज्ञापत्र लिहिताना तो आपल्या एकट्यापुरता घाबरला होता. आता ती भीती दुप्पट झाली.

“सगळेच असं करतात, बापू,” तो पुटपुटला.

“मीही केलंय.”

विश्रामनं चमकून वर पाहिलं.

“चाळीस वर्षं झाली. माझी तारीख चुकली, आणि एकाची जमीन गेली. मी त्याला सांगितलं, न्यायाधीश फिरला.”

“मग?”

“त्यानं विश्वास ठेवला.”

“म्हणजे... कुणाला कळलंच नाही?”

“कुणाला नाही.”

विश्रामला हायसं वाटलं. तसं वाटल्याची लाजही वाटली. “मग सुटलात की तुम्ही!”

बापूंनी भिंतीतल्या कोनाड्याकडे बोट केलं. तिथं गुळाच्या चार ढेपा होत्या. फडकी काळवंडलेली, मुंग्या लागलेल्या.

“दर वर्षी गुऱ्हाळ सुरू झालं की तोच माणूस घेऊन येतो. दुसऱ्याच्या शेतात राबतो आता. माझ्या पाया पडतो. म्हणतो, तुम्ही लई झगडलात माझ्यासाठी.”

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

“खा थोडा,” बापू म्हणाले.

विश्रामचा हात उचलेना.

“मलाही जमलेलं नाही अजून.”

मग बापूंनी खाली हाक मारली. “अंजिराबाई, वर या.”

बाई पदर सावरत पायऱ्या चढून आली. केसांना पिठाचा पांढरा हात लागलेला. दुरूनच नमस्कार करून ती ओसरीच्या कडेला टेकली.

“घराची भीती वाटते का?” बापूंनी विचारलं.

“आधी लई वाटायची. घास उतरत नव्हता.” ती विश्रामकडे बघून हसली. “आता न्हाई. वकीलसायबांच्या हवाली केलंय समदं. मी कशाला भिऊ?”

विश्रामला वाटलं, उठावं आणि नदीत जाऊन उभं राहावं.

बापूंनी त्याच्या पिशवीतून शाईचं पॅड काढलं. उघडलं. ते पाहून बाईनं सवयीनं अंगठा पुढे केला. कशावर उठवायचा, हेही विचारलं नाही.

बापूंनी पॅड तिच्यासमोरून नेलं आणि विश्रामसमोर धरलं.

“मला... मला सही येते, बापू.”

बापूंनी हात मागे घेतला नाही.

बाई एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. विश्रामच्या कपाळावरून घाम ओघळून कागदावर पडला. टायफॉईडची शाई पसरली.

त्यानं कागद फाडला. आधी दोन तुकडे. मग चार.

“अंजिराबाई... अपील उशिरा दाखल झालं. तुमच्यामुळे नाही. दिवस मोजण्यात माझी चूक झाली.”

बाईचं हसू गेलं. “म्हंजे घर जातंय?”

“माहीत नाही. सोमवारी कोर्टात मी स्वतः लिहून देणार, की चूक माझी आहे. कबजा थांबवा, असंही मागणार. कोर्टानं ऐकलं तर अपील चालेल.”

“आन न्हाई ऐकलं तर?”

“तर... माझ्यावर दावा लावायचा हक्क आहे तुम्हाला. तोही मी सांगायला हवा.”

ती खाली बघत राहिली. पायाच्या अंगठ्यानं ओसरीची फरशी घासत राहिली. विश्रामला प्रत्येक क्षण जड जात होता. ती ओरडली असती, तर सोपं गेलं असतं.

अखेर तिनं मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

“मग लिवा की. बसलाय का नुसतं?”

विश्रामनं कोरा कागद घेतला. पेन उघडलं. ‘मी, विश्राम उपळेकर, वकील, शपथेवर लिहून देतो की...’ एवढं लिहिलं, आणि सातव्या अटीच्या आठवणीनं पेन अडलं.

“बापू... खरं तेच लिहितोय, तरी भीती जात नाही.”

बापूंनी तांदळाचं सूप पुन्हा जवळ ओढलं.

“जाऊ देऊ नकोस. तिनं तिची भीती तुझ्या हवाली केली, तेवढ्याचीच तर फी घेतलीस.”