वाकलेल्या गजांचे फाटक

आपल्या समोरच्या फाटकाचे मधले दोन गज बाहेरच्या बाजूला वाकलेले आहेत. आज आत अभ्यासिका आहे. पूर्वी तिथे मुलींचे वसतिगृह होते. हे गज सरळ करण्यासाठी विद्यापीठाने दोनदा माणसे पाठवली आणि दोन्ही वेळा नाट्यमंडळाचे सभासद फाटकाला पाठ लावून बसून राहिले. तुम्ही मंडळात नव्याने आला आहात, म्हणून या गजांची हकीकत तुम्हाला सांगायला हवी. तिला लेखी पुरावा नाही. मंडळात जशी सांगतात, तशी सांगतो.

फार वर्षांपूर्वी मंडळाच्या तालमी रस्त्यापलीकडच्या सभागृहात संध्याकाळी सातला सुरू होत आणि सातलाच हे फाटक बंद होई. मुलींना बंदी आहे, असे कोणत्याही नियमात नव्हते. तरीही वसतिगृहातली एकही मुलगी कधी रंगमंचावर दिसली नव्हती. शहरात घर असलेल्या मुलीच काम करीत. त्यांना न्यायला भाऊ येत.

त्या वर्षी नवापूरकडची वनमाला गावित निवड चाचणीला उभी राहिली. प्रमुख भूमिका तिचीच, याबद्दल म्हणे कोणाचेही दुमत नव्हते. तिने फक्त तालमीसाठी सकाळची वेळ मागितली. मंडळाचे सचिव अच्युत मोघे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी नकारही सभ्यपणे दिला.

"गावित, मंडळ तुमच्या विरुद्ध नाही हो. प्रश्न घड्याळाचा आहे."

"मग भूमिकाही घड्याळालाच द्या," वनमाला म्हणाली.

भूमिका शहरातल्या शैला कर्णिकला मिळाली. वनमालाने संहितेची प्रत मात्र परत केली नाही. पहिल्या तालमीला शैलाने तोंड उघडण्याआधीच तिचे वाक्य रस्त्यापलीकडून आले. वनमाला बंद फाटकाचे गज धरून उभी होती. मोघ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. दुसऱ्या संध्याकाळी वसतिगृहातल्या मुली वनमालामागे उभ्या राहिल्या आणि तिचे प्रत्येक वाक्य एका सुरात उचलू लागल्या. मग खिडक्यांचा काही उपयोग राहिला नाही.

रेक्टर चांदेकरबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावत आल्या. "सातनंतर बाहेर पाऊल टाकायचं नाही, ठाऊक आहे ना?"

"बाई, पाऊल आतच आहे. आवाज बाहेर गेला. त्याची वेळ नियमात नाही."

बाई बराच वेळ नियम आठवत उभ्या राहिल्या, असे सांगतात. मग खुर्ची मागवून तिथेच ऐकत बसल्या.

तिकडे मोघे शैलाला म्हणाले, "तुम्ही आवाज चढवा, तिला दाबून टाका." शैलाने प्रत मिटली. "ते वाक्य तिचं आहे," एवढेच म्हणून ती रस्ता ओलांडून फाटकाशी गेली. तिच्यामागून एकेक नट गेला. सभागृहात मोघे आणि दिवे तेवढे उरले.

त्या संध्याकाळपासून तालीम फाटकावर होऊ लागली: वनमाला आत, बाकीचे नाटक बाहेर. बोलताना ती गजांवर इतकी रेलत असे की लोखंड वाकले, असे म्हणतात. कोणी म्हणतात, टेम्पोची धडक बसली असावी. पण रस्त्यावरून बसलेल्या धडकेने गज रस्त्याकडे वाकत नाहीत, एवढे मी नमूद करतो. ज्या नाट्यस्पर्धेसाठी ही तयारी होती ती दुपारची होती, म्हणून वनमाला तिथे रंगमंचावर उभी राहू शकली. करंडक मिळाला, असेही सांगतात. मंडळाच्या कपाटात तो नाही.

मंडळाच्या पुढच्या सभेत मोघ्यांनी विचारले, तालमीची नवी वेळ कोणती ठेवावी? हात वर होऊ लागले. "ज्यांना जमतं त्यांना काय विचारता?" वनमाला म्हणाली. "ज्याला जमत नाही त्याला विचारा."

फाटकाची सातची वेळ पुढच्या मुलींनी भांडून रद्द करवली. ती हकीकत वेगळी. वनमालाचे वाक्य मात्र मंडळाचा नियम झाले. आजही ज्याला येणे सर्वांत अवघड, तोच तालमीची वेळ ठरवतो. यंदा पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणाऱ्या सुजित मेश्रामने सकाळी साडेसहा सांगितले, म्हणून तुम्ही इथे जांभया देत उभे आहात. "अरे, या वेळी मी माणसातच नसतो," असे मघाशी कोणीतरी कुरकुरले. वेळ बदलणार नाही.

आजही पहिल्या तालमीला हे एरवी उघडे असणारे फाटक मुद्दाम बंद करतात आणि सभागृहाच्या खिडक्या लावून घेतात. प्रमुख भूमिका ज्याची, तो आत उभा राहून वाकलेले गज धरतो आणि पहिले वाक्य बोलतो. ते बंद खिडक्यांच्या आत पोहोचेपर्यंत नाटक सुरू होत नाही.

यंदा आत सुजित उभा आहे. खिडक्या लावून झाल्या आहेत.