मोरवडच्या राजाचे पडसे

मोरवडच्या धैर्यसिंह राजाला पडसे झाले, पण राजा काही अंथरुणाला टेकेना. "राजा टेकला, की राज्य टेकलं!" असे म्हणून तो रोज दरबारात बसे, शिंकत शिंकत न्याय देई आणि जरीच्या उपरण्याला नाक पुशी.

राजवैद्य त्र्यंबकशास्त्री हात जोडून सांगत, "महाराज, विश्रांती घ्या, गरम पेज घ्या, माणसांत बसू नका."

"विश्रांती सोडून दुसरं औषध द्या!"

तसे औषध वैद्यांकडे नव्हते.

अशातच एके सकाळी वाड्यात पाणी भरणारा कोंडिबा खांद्यावर हंडा घेऊन दरबारापुढून चालला होता. त्याला सणसणीत शिंक आली. हंड्यातले निम्मे पाणी पायरीवर सांडले.

"सापडला!" राजा गरजला. घसा बसल्यामुळे ती गर्जना बदकासारखी आली, पण कोणी हसले नाही. "यानंच आम्हाला पडसं दिलं! कोंडिबा, उद्या दरबार भरला की तुझं पडसं परत घेऊन जायचं. नाहीतर बायकापोरांसकट राज्याची वेस ओलांडायची!"

"महाराज, परत कसं घेऊ?"

"दिलंस तसं!"

कोंडिबा घरी आला आणि भांड्यांचे गाठोडे बांधू लागला. त्याची लेक ठकू चुलीपाशी आले ठेचत होती. तिने त्याच्याकडून सगळे ऐकून घेतले.

"आबा, तुम्हाला शिंका कधीपासनं?"

"कालपासनं."

"आणि महाराजांना?"

"त्यांना लई दिवस झाले. सोनगडच्या लग्नाहून आले ते शिंकतच आले."

"मग गाठोडं सोडा. हा काढा प्या आणि पांघरूण घेऊन पडा. दरबारात मी जाते. तुम्ही आलात तर आणखी चौघांना द्याल."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. निम्मा दरबार खोकत होता, उरलेला शिंकत होता. ठकू दाराजवळच उभी राहिली.

"तुझा बाप कुठं आहे?" राजाने विचारले.

"निजलाय, महाराज. त्याला पडसं झालंय."

पडसे झाले म्हणून माणूस निजतो, हे ऐकून दरबारी चकित झाले.

"पडसं न्यायला मी आलेय," ठकू म्हणाली. "पण दुसऱ्याची वस्तू घरी नेली तर ती चोरी ठरेल. आधी मालक ठरू दे. ज्यानं हे पडसं वाड्यात आणलं, त्याचं त्याला देऊन टाकते."

"रास्त आहे! आणि त्या चोराला आम्ही जबर शिक्षा करू!"

"शिक्षा मी सांगू का? त्याला एका खोलीत एकट्याला ठेवा. दार बंद, खिडकी उघडी. खायला पातळ पेज, प्यायला गरम पाणी. नाक पुसायला साधी फडकी, तीही उकळून धुतलेली. आणि कुठल्याही कामाला हात लावू द्यायचा नाही. पुरता बरा होईतो सुटका नाही."

"कामच नाही? भलतीच कठोर आहेस, पोरी!" राजा खूश झाला. "दिला शब्द! कोणीही असो, हीच शिक्षा!"

कोपऱ्यात त्र्यंबकशास्त्री एकाएकी ताठ बसले.

ठकू म्हणाली, "माझा बाप मुदपाकखान्यातल्या तांब्यानं पाणी प्यायला. त्याच तांब्यानं आचारी प्याला होता. आचारीबुवा, तुम्हाला पडसं कुणाचं?"

आचारी नाक ओढत म्हणाला, "प्रधानजींचं. खिरीत साखर कमी म्हणून ते माझ्या तोंडावर ओरडले. ओरडता ओरडता शिंकले."

"प्रधानजी, आणि तुम्हाला?"

प्रधान अनंतपंत छताकडे पाहू लागले. "मला... मला एक विडा मिळाला. मानाचा."

"कुणाच्या हातून?"

प्रधानांची नजर पुन्हा छताला लागली. तेवढ्यात राजाला शिंक आली. त्याने ती तळहातावर घेतली आणि सवयीने त्याच हाताने पुढ्यातला विडा उचलला. मग तो हाताकडे पाहतच राहिला.

"मालक सापडले, महाराज," ठकू म्हणाली. "पडसं मालकापाशीच आहे. माझ्या बापानं न्यावं असं काही उरलेलं नाही."

"थांब!" राजा उसळला. "आम्हाला ते सोनगडच्या लग्नात लागलं! मालक सोनगडकर!"

"तो लग्नातला आहेर झाला, महाराज. आहेर परत करत नाहीत."

राजाने प्रधानाकडे पाहिले, वैद्यांकडे पाहिले. वैद्यांनी फार अदबीने शयनगृहाची वाट दाखवली. आणि राजा हसला! हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला.

"शब्द दिला तो दिला! शास्त्रीबुवा, आम्हाला कैद करा. ज्याला ज्याला पडसं आहे त्यानंही आपल्या घरी कैद व्हावं. कोंडिबाला बरं वाटेपर्यंत घरबसल्या पगार द्या. आणि पोरी, हे तुला!"

राजाने मनगटातले सोन्याचे कडे काढून पुढे धरले. ठकू दोन पावले मागे सरकली.

"तिथंच चौरंगावर ठेवा, महाराज. घंगाळात कढत पाणी मागवलंय. धुऊन नेते."