भिंतीआडचा झरा

एका राज्यात (नाव सांगितले तर तुम्ही नकाशा उघडून बसाल, म्हणून सांगत नाही) सगळे रोग बरे करणारा एक झरा होता. राणी वज्रलेखेच्या पणजोबांनी त्याभोवती भिंत घातली, भिंतीला दार ठेवले आणि दाराशी पहारा बसवला. तेव्हापासून पाणी कडू होत गेले. डोंगरावरच्या कालकंठ मांत्रिकाचा शाप लागला, असे लोक म्हणू लागले.

मग राज्यात शिळाज्वर आला. ताप चढे आणि उतरताना माणसाची पावले दगडाची करून जाई. दगड वर सरकत काळजाशी पोचला की माणूस संपला. कडू पाण्याने रोग हटत नसे, नुसता मंदावत असे. ज्याच्या घरी ते पाणी होते तो तग धरी. ज्याच्या घरी नव्हते त्याचा पुतळा होई. राणीची धाकटी बहीण इंदुकला गुडघ्यांपर्यंत दगड होऊन पडली होती. वज्रलेखेला आईबाप नव्हते, सख्खे म्हणून हे एकच माणूस उरले होते. तिने दरबार बोलावला.

नगरशेठ माणिकपाल म्हणाला, "ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे पाणी विकत घ्यावे. स्वतःचे असले की माणूस जपून वापरतो. गरिबाला राजद्वारी ओंजळभर मिळतेच."

पेठांचा चौधरी म्हणाला, "कोष्ट्यांचा रांजण कोष्टी सांभाळतात, तेल्यांचा तेली. ज्यांना रांजण नाही त्यांना तो मिळावा, एवढा हुकूम पुरे."

वृद्ध प्रधान म्हणाला, "झरा एक आहे. सर्वांनी मिळून त्याचा गाळ उपसावा आणि सर्वांनी प्यावे."

"सर्वांनी उपसायचा म्हणजे कोणीच उपसणार नाही," नगरशेठ म्हणाला.

राणीला तिघांचेही पटले, आणि तीच पंचाईत झाली. तेवढ्यात खिडकीत एक भारद्वाज येऊन बसला. त्या राज्यात पक्षी बोलत, त्यामुळे कोणी दचकले नाही.

"ज्याने शाप दिला त्याला विचारा," तो म्हणाला. "इथल्या बोलण्याने दगड थांबायचा नाही."

"आम्ही जातो," राणी म्हणाली.

"आम्ही म्हणजे किती जण?"

"मी एकटी."

भारद्वाज पुढे, राणी मागे, अशी ती डोंगर चढली. वाटेत काटे होते, ते तिने तुडवले. माथ्यावर गुहेच्या तोंडाशी कालकंठ बसला होता. त्याच्यासमोर एक वाळके झाड आणि एक खोल विहीर होती.

"हे झाड जगव," तो म्हणाला. "दरबारात तीन रीती ऐकल्यास ना? तिन्ही करून पाहा. मग बोलू."

पहिल्या दिवशी राणीने नगरशेठाची रीत केली. जे पान मागेल त्याला पाणी. शेंड्याची पाने मोठ्या आवाजाची, ती तरारली. खालच्या पानांना मागण्याइतका जीवच नव्हता, ती गळून पडली.

दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येक फांदीला वेगळी घागर बांधली. झाड बरेचसे हिरवे झाले, हे खोटे कशाला सांगू? पण दोन फांद्यांच्या बेचक्यात एक पान होते. ते कोणाचे, यावरून घागरी भांडत बसल्या. भांडण मिटेपर्यंत पान वाळले.

तिसऱ्या दिवशी तिने पाणी मुळाशी घातले. आता कोणी मागेना, कोणी भांडेना. झाड मात्र पीत राहिले. राणीच्या हातांना फोड आले. ती दमून जरा टेकली, तोच सगळे झाड एकदम मान टाकू लागले.

"या रीतीत अंगचोरपणा केलास तर एक फांदी वाळत नाही," कालकंठ म्हणाला. "सगळेच जाते."

राणीने पदर कमरेला खोचला आणि पुन्हा पोहरा सोडला. पाणी शेंदत राहिली, ती झाडाला पालवी फुटेपर्यंत.

"आता शाप काढा," ती म्हणाली.

"मी शाप दिलाच नव्हता. तुझ्या पणजोबांना मीच झरा दाखवला. म्हणालो, 'महाराज, हे पाणी आपलं आहे. आपलं असेल तोवर गोड राहील.' ते खूश झाले आणि त्यांनी भिंत बांधली."

राणीने कपाळाला हात लावला. "दरबारात राजाला 'आपण' म्हणतात. त्यांना वाटले, तुम्ही पाणी त्यांना बहाल केलेत."

"मी डोंगरावरचा माणूस," कालकंठ म्हणाला. "मला तुमची दरबारी बोली येत नाही. आपलं म्हणजे तुझं, माझं, सगळ्यांचं."

एका शब्दापायी इतकी माणसे दगड झाली. राणीला संताप आला. तो कोणावर काढायचा हे न कळून तिने पावले उचलली आणि झपाझप डोंगर उतरली.

नगरात येताच तिने पहिली कुदळ भिंतीवर घातली. हुकूम दिला: घरोघरचे, पेठोपेठीचे रांजण झऱ्यात रिते करा. गाळ पाळीपाळीने उपसायचा, पहिली पाळी राजवाड्याची. ज्याचा दगड सर्वांत वर चढला त्याला पहिले पाणी. चौधरी कुरकुरला, पण रांजण घेऊन आला. नगरशेठही तोंड वाकडे करून आला. राणी चिखलात उतरून गाळ उपसू लागली, तशी माणसे एकेक करून खाली आली. कोणालाच घरी बसवेना.

पाणी उसळून वर आले. प्रधानाने चाखले. कडूच होते.

सगळ्यांनी नगरशेठाकडे पाहिले.

"माझ्याकडे थेंब नाही," तो म्हणाला. आणि खरेच नव्हता.

थेंब होता राजवाड्यात. इंदुकलेच्या मंचकाखाली राणीने एक कलश लपवला होता. दगड इंदुकलेच्या बरगड्यांपर्यंत आला होता, आणि त्या कडू घोटांवरच तिचा श्वास चालला होता. मी राणीला दोष देत नाही. तुम्हीही हेच केले असते.

वज्रलेखा वाड्यात गेली आणि मंचकाशी बसली.

"ताई, तो कलश नेलास तर मला काय देशील?" इंदुकलेने विचारले.

"झऱ्याचे पाणी. तुझी पाळी आली की."

"आणि ते गोड झालेच नाही तर?"

राणीला खोटे बोलवेना. "तर मी तुझ्याजवळ बसून राहीन."

इंदुकलेने ताईच्या हातांवरचे फोड पाहिले. मग म्हणाली, "ने. पण मलाही तिकडे घेऊन चल."

भोयांनी मंचक उचलला. राणी कलश डोक्यावर घेऊन सर्वांदेखत चालत आली. "हा मी लपवला होता," ती म्हणाली, आणि तिने तो झऱ्यात उपडा केला.

रांगेत सर्वांत पुढे सगुणा नावाडीण होती. नावाड्यांना ना पेठ, ना रांजण, म्हणून दगड तिच्या काळजाला भिडायचाच काय तो बाकी होता. वैद्याने तिच्या ओठांना ओंजळ लावली.

"गोड आहे," ती म्हणाली. तिच्या अंगावरचा दगड खपल्यांसारखा गळून पडला.

नगरशेठ पुढे झाला. "राणीसरकार, मुलीचा श्वास अडकतो आहे. आधी आपल्या बहिणीला द्यावे."

"आपल्याच बहिणीला दिले," राणी सगुणेकडे पाहत म्हणाली. "पुढचा कोण?"

पुढे एक तेली होता, त्याच्यामागे एक शिपाई. राणी मंचकाची कड धरून उभी राहिली. तिचे पाय पळू पाहत होते, तिने पळू दिले नाहीत. मग वैद्याने इंदुकलेचे नाव पुकारले.

इंदुकला प्याली. काही वेळ काहीच झाले नाही. मग तिने मोठा श्वास घेतला, आणि तिच्या पायाचा अंगठा हलला. वज्रलेखा तिथेच, सगळ्या नगरासमोर, ओल्या गाळात बसली आणि पोटभर रडली.